गौस मिस्त्रींची केंद्रकी

गौस मिस्त्रींनी आजवर पंपाचे, गिअरबॉक्सचे, उसाच्या चरकाचे आणि एकदा देवळातल्या घंटेचेही पॅटर्न केले होते. पेशी करून द्या म्हणत मात्र त्यांच्याकडे कधी कुणी आलं नव्हतं.

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. फाउंड्रीत तो वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. शिरोली एमआयडीसीतल्या निम्म्या फाउंड्र्यांना एकेकाळी उचगावातल्या ह्या पत्र्याच्या शेडमधून पॅटर्न जायचे. आता कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, त्यामुळं मिस्त्रींच्या मागची घाई कमी झाली होती. तोंडाची कमी झाली नव्हती.

भैरवी शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा मिस्त्री पटाशीला धार लावत होते आणि त्यांच्या पत्नी शहाजादीचाची एका व्हॉल्वच्या पॅटर्नला पॉलिशपेपर मारत होत्या. तीस वर्षं शेवटचा हात त्यांचाच असे.

"या की मॅडम, बसा," मिस्त्री म्हणाले. "कसला पार्ट हाय?"

"पार्ट नाही चाचा. पेशी करायची आहे."

"कुठल्या गाडीची?"

"गाडीची नव्हे. तुमच्या-माझ्या अंगातली."

मिस्त्रींनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं पॉलिशपेपर खाली ठेवला.

"आंगातली व्हय?" चाची म्हणाल्या. "मंग डाक्टरकडं जायाचं. हितं फकस्त लाकडाचं दुकनं बगत्यात."

भैरवीला हसू आलं. ती शाहूपुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. कॉलेजला पन्नास वर्षं होत होती, म्हणून विज्ञान प्रदर्शन ठरलं होतं आणि प्राचार्य नृसिंह सरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "प्रवेशद्वारातच एक भव्य पेशी हवी. लांबून दिसली पाहिजे. आणि थर्माकोलची नको, मागच्या वेळची उंदरांनी खाल्ली." सरांच्या मेव्हण्याची फाउंड्री होती, त्याच्याकडून गौस मिस्त्रींचा पत्ता आला होता.

तिनं पिशवीतून मोठा कागद काढून टेबलावर पसरला. अडीच फुटांची अर्धगोल पेशी, वरून कापल्यासारखी, आतलं सगळं दिसेल अशी. मिस्त्रींनी चष्मा चढवला आणि एकेका आकारावर बोट ठेवत गेले. हे शेंगदाण्यासारखं काय, हे पापडाच्या चळतीसारखं काय. ती सांगत गेली, ते मान हलवत गेले. मधला मोठा गोळा म्हणजे केंद्रक, हेही त्यांनी बिनतक्रार मान्य केलं. मग त्यांचं बोट केंद्रकाच्या आतल्या एका काळ्या ठिपक्यावर थांबलं.

"ह्यो डाग छपाईचा काय?"

"डाग नाही. ती केंद्रकी."

"काय करती ती?"

भैरवीनं पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं. रायबोसोमच्या निर्मितीत सहभाग. वर्गात ह्या वाक्यानंतर पोरं खाली बघून लिहून घ्यायची आणि पुढचा मुद्दा यायचा. मिस्त्रींच्या हातात वही नव्हती, त्यामुळं ते तिच्याकडंच बघत राहिले.

"म्हंजे?"

"म्हणजे... आपलं अंग प्रथिनांचं बनलेलं असतं. ती प्रथिनं बनवायला पेशीत बारीक यंत्रं असतात, लाखांनी. त्यांना रायबोसोम म्हणतात. ती यंत्रं जिथं तयार होतात, ती जागा ही."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे ही माल करत न्हाय. माल करायचं मशीन करती."

"अगदी बरोबर."

"आन् तुमी टिंब देऊन सोडलंय?"

आता भैरवीला राहवेना. तिनं खुर्ची पुढं ओढली. केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात. माणसात त्यातल्या पाच जोड्यांवर रायबोसोमच्या सांगाड्याचा नकाशा लिहिलेला असतो. त्या जोड्यांचे तेवढे भाग एका ठिकाणी जमतात आणि त्यांच्याभोवती केंद्रकी उभी राहते. आत नकाशाची नक्कल निघते, लगेच भोवतीच्या दाट थरात ती कापून-तासून नीट होते, आणि बाहेरच्या रवाळ थरात तिच्यावर प्रथिनं बसतात.

"पाच घरांचा सामाईक कारखाना म्हणा की," मिस्त्री म्हणाले. "भांडत न्हाईत?"

"अजून तरी कुणी ऐकलेलं नाही."

"मंग ती कोल्लापुरातली न्हवंत."

"आणि गंमत पुढं आहे चाचा. रायबोसोम आत अख्खा जोडत नाहीत. एक लहान भाग, एक मोठा भाग. दोन्ही वेगवेगळे केंद्रकाच्या भोकांतून बाहेर जातात आणि काम आलं की बाहेर जुळतात."

"दोन पेट्यांचा पॅटर्न असतोय तसं. वरची अर्धी, खालची अर्धी." मिस्त्रींनी दोन तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. मग त्यांना काहीतरी खटकलं. "थांबा. बाहेरच्या थरात प्रथिनं बसत्यात म्हणालासा. ती कुठनं आली?"

"बाहेरून. आधीच्या रायबोसोमनी बनवलेली असतात."

"म्हंजे जुन्या मशीननं नव्या मशीनचं सुटं पार्ट करायचं. बरं. मंग पैलं मशीन कुणी केलं?"

हा प्रश्न भैरवीला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "सगळ्यांत पहिलं कुणी केलं ते अजून शोधतायत. पण प्रत्येकाची सुरुवात सांगता येते. आईच्या बीजपेशीत साठा असतो. आधी तिनं दिलेल्या यंत्रांवरच काम चालतं."

शहाजादीचाचींनी व्हॉल्वचा पॅटर्न दाणकन टेबलावर ठेवला. "ऐकलासा? आईकडनं. आन् ह्यांच्या घरात तीस वरीस ऐकतोय, पोराचं डोस्कं बापावर गेलं, हात बापावर गेलं."

"हात माज्यावरच गेल्यात," मिस्त्री म्हणाले.

"हातातली मशिनं माजी हायत," चाची म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या. टेबलावरचा पहिला चहा बोलण्याच्या नादात केव्हाच गार झाला होता.

त्या दिवशी भैरवी बसमधून घरी येताना स्वतःशीच हसत होती. घरात शिरल्याबरोबर वडिलांनी ओळखलं. दत्तप्रसाद पोस्टातून निवृत्त झाले होते आणि आता त्यांना लेकीची थट्टा हे पूर्णवेळ काम होतं.

"काय टिंबाबाई, आज लई खुशीत?"

टिंबाबाई हे नाव जुनं होतं. भैरवी साडेचार वर्षं पुण्यात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय हीच केंद्रकी होता. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी भराभर वाढतात, तिथं केंद्रकी कशी फुगते, हे ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायची. मग आईचं खुब्याचं हाड मोडलं, ती तीन महिन्यांची रजा घेऊन कोल्हापूरला आली, आणि त्याला आता अडीच वर्षं झाली होती. आई केव्हाच बरी होऊन रंकाळ्याला फेरी मारून यायला लागली होती. प्रबंधाची निळी बॅग कपाटावर होती. दोन प्रकरणं लिहायची राहिली होती. भैरवी कुणाला काही सांगायची नाही आणि घरातलं कुणी विचारायचं नाही. फक्त पाहुणे आले की दत्तप्रसाद म्हणायचे, "आमची भैरवी पुण्यात टिंबाचा अभ्यास करत हुती. पूर्णविराम द्यायचा राहिला."

सगळे हसायचे. भैरवीही हसायची आणि चहाचे कप गोळा करून आत जायची.

पुढच्या शनिवारी ती उचगावला गेली तेव्हा पेशीचं मोठं कवच तयार होतं आणि केंद्रकावर मिस्त्रींनी ड्रिलनं अठ्ठेचाळीस भोकं पाडली होती, सगळी सारख्या अंतरावर. केंद्रकीसाठी तीन प्रकारचं लाकूड निवडून ठेवलं होतं. आतले छोटे गोळे फिक्या पाइनचे, त्यांच्याभोवतीचा दाट थर काळपट शिसमाचा, आणि बाहेरचा रवाळ थर सागाचा भुसा डिंकात मळून.

"आन् वरनं लाखेचं पॉलिश," मिस्त्री म्हणाले. "चकचकीत."

"पॉलिश नको चाचा."

"का?"

"केंद्रकीला आवरण नसतं. केंद्रकाला असतं, केंद्रकीला नाही. साल नाही, पापुद्रा नाही, काही नाही. तुम्ही पॉलिश दिलंत तर पोरांना वाटेल की साल आहे."

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, तुमचं सगळं ऐकलं. पापडाची चळत केली, शेंगदाणं केलं. पर साल न्हाय म्हंजे काय? भवतीनं सगळं पाण्यासारखंच हाय म्हणतासा. मंग ही कारखाना घेऊन बसली कुठं? वाहून का जात न्हाय?"

"नाही जात."

"कोण धरतंय?"

"आतलेच रेणू एकमेकांना धरून असतात."

"आसं कुठं आस्तंय?" मिस्त्री आता चिडले होते. "चाळीस वरीस काम करतोय. कड न्हाय, तर वस्तू न्हाय. उघडं लाकूड म्हंजे उघडं माणूस. पॉलिश देनार."

"देऊ नका."

"देनार."

"मग मी हे नेणार नाही," भैरवी म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. अडीच वर्षांत ती केंद्रकीसाठी कुणाशी भांडली नव्हती.

शेडच्या मागं स्वयंपाकघर होतं, तिथून शहाजादीचाची मिस्त्रींचं जेवण घेऊन आल्या. ताटात भाकरी आणि वाटीत मटणाचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. त्यांनी ताट दोघांच्या मधोमध ठेवलं.

"भांडान झालं असंल तर जेवा. मॅडम, तुमी खातासा न्हवं?"

"खाते, पण आत्ता नको."

"खाणार नसला तर बगा तरी." चाचींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या टोकानं वाटीतल्या तेलाच्या एका गोल थेंबाला हलकेच ढकललं. थेंब सरकला, पण फुटला नाही. "मी मगापास्नं आतनं ऐकतोय. आवो, ह्येला साल हाय का?"

मिस्त्री वाटीकडं बघत राहिले.

"साल न्हाय," चाची म्हणाल्या. "वाहून गेलाय का?"

त्यांनी तो थेंब दुसऱ्या थेंबापाशी नेला. दोघं क्षणभर एकमेकांना टेकून थांबले आणि मग एकदम मिळून गेले. मोठा, गोल, एकच थेंब झाला.

भैरवी ताडकन उठली. "चाची! हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रस्सा कुणी सांगाय लागतोय व्हय?"

"तसं नाही हो. हेच! बेडकाच्या बीजपेशीत लोकांनी बघितलंय. दोन केंद्रक्या जवळ आल्या की अशाच एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा गोल होतात. तोवर सगळे डोकं खाजवत होते की आवरणाशिवाय हिचा आकार राहतो कसा. ती थेंबासारखी वागते. आणि आतले थरसुद्धा, थेंबात थेंब, एकमेकांत न मिसळणारे." ती आता भराभरा बोलत होती. "आणि पेशी दुभंगायची वेळ आली की माणसात ही अख्खी विरघळून जाते. नाहीशी होते. दोन नव्या पेशी झाल्या की दोन्हीकडं पुन्हा जमते."

"मोडून परत मांडायची?" मिस्त्रींनी विचारलं.

"दर वेळी."

मिस्त्रींनी ताट ओढून भाकरी खाल्ली. तवंगाच्या बाजूनं त्यांनी घास बुडवला नाही. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून म्हणाले, "बरं. पॉलिश न्हाय. पर सुट्टी काढता येईल आशी बसवतो. इरघळली म्हणून दाखवायला."

"त्यांनी ऐकलं," चाची भैरवीला म्हणाल्या. "तारीख लिवून ठेवा."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भैरवी टेम्पो घेऊन पेशी न्यायला आली. मिस्त्रींनी वरचं फडकं ओढलं आणि ती बघतच राहिली. मापाच्या कागदाप्रमाणं केंद्रकी लिंबाएवढी व्हायला हवी होती. मिस्त्रींनी केली होती मोसंबीएवढी. नारळाएवढ्या केंद्रकात ती अशी बसली होती की बाकी कशाला फारशी जागाच उरली नव्हती. बाहेरचा भुशाचा थर खरखरीत, उघडा, एका जागी कापून आतला शिसमाचा थर आणि त्यात पाइनचे फिके गोळे दाखवलेले. इतकी सुंदर केंद्रकी तिनं कुठल्याही पुस्तकात पाहिली नव्हती.

"माप जरा वाढलंय," मिस्त्री दुसरीकडं बघत म्हणाले. "पॅटर्नवाल्याची सवय. लोखंड गार झाल्यावर आकसतंय, म्हणून आमी मोठं धरतो."

"लाकूड कुठं आकसाय लागलंय?" चाची म्हणाल्या. "खरं सांगा की. तीच आवडली, म्हणून तीच वाढवली. मी म्हणत हुतो, ल्हान करा."

लहान करा म्हणायला हवं होतं, हे भैरवीला कळत होतं. ती शिक्षिका होती आणि प्रमाण चुकलं होतं. पण इतकी वर्षं जिला सगळ्यांनी टिंब म्हटलं, तिला पहिल्यांदाच कुणीतरी मोठं केलं होतं.

"राहू दे चाचा," ती म्हणाली. "छान दिसतीय."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजताच मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कॉलेजच्या प्रवेशद्वारात हजर झाले आणि पेशीशेजारी खुर्ची टाकून बसले. दवाखान्यात नातेवाईक बसतो तसे. चाची त्यांच्या मागं. नृसिंह सर तीनदा येऊन लांबून बघून गेले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "भव्य." मुलं आली की मिस्त्री आधी "हात लावू नका" म्हणायचे आणि मग स्वतःच केंद्रकी काढून त्यांच्या हातात द्यायचे. तासाभरात ते पाच घरांच्या सामाईक कारखान्याबद्दल इतकं सराईतपणे सांगायला लागले की अकरावीच्या दोन मुली वहीत उतरवून घेताना भैरवीनं पाहिल्या. तिच्या तासाला त्याच मुली मागच्या बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या. दत्तप्रसादही येऊन गेले. त्यांनी मोसंबीएवढी केंद्रकी बघितली, लेकीकडं बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटलं. भैरवीच्या आठवणीत हे प्रथमच घडलं.

अकरा वाजता प्रमुख पाहुण्या आल्या. डॉक्टर कालिंदी, पॅथॉलॉजिस्ट. पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना समोरच्याला बाजूला व्हायला लावणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून बरे की वाईट ते सांगितलं होतं. नृसिंह सरांनी त्यांना थेट पेशीपाशी आणलं. डॉक्टर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हा पेशंट कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"अं?" नृसिंह सर म्हणाले.

"एवढी केंद्रकी मला स्लाइडवर दिसली असती, तर रिपोर्ट द्यायच्या आधी मी घरच्यांना बसायला सांगितलं असतं. कॅन्सरच्या पेशींना यंत्रं फार लागतात हो. सारखं वाढायचं असतं ना. म्हणून त्यांची केंद्रकी फुगते. आणि खाली तुम्ही लिहिलंय 'सर्वसामान्य प्राणिपेशी'!"

नृसिंह सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पन्नास वर्षांचं कॉलेज आणि दारातच कॅन्सर. ते हळूच शिपायाला म्हणाले, "एखादी सतरंजी आहे का बघ, टाकायला."

मिस्त्री खुर्चीतून उठले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माज्या हातनं झालं," ते चाचींना म्हणाले. एरवी चाची काहीतरी बोलल्या असत्या. आता त्यांनी फक्त नवऱ्याच्या शर्टाची बाही धरली.

भैरवीनं ती बाही बघितली आणि ती पुढं झाली.

"मॅडम, एक विचारू? नुसत्या केंद्रकीच्या आकारावरून तुम्ही रिपोर्ट देता?"

नृसिंह सरांनी डोळे मिटले.

डॉक्टर सरळ झाल्या. "नाही देत. देऊही नये."

"मग बाकीचं बघा ना. केंद्रकाची कड बघा, एकसारखी आहे. केंद्रकाचा आकार पेशीच्या मानानं ठीक आहे. केंद्रकी एकच आहे, गोल आहे, वेडीवाकडी नाही. फक्त मोठी आहे. यकृताचा तुकडा कापून काढला की उरलेलं यकृत वाढायला लागतं. तेव्हा त्या पेशींत केंद्रकी केवढी होते?"

"मोठी होते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. "जखम भरून येतानाही होते. नवशिके डॉक्टर तिथंच फसतात. बरं होणाऱ्याला आजारी म्हणून मोकळे होतात."

"माझ्या कांद्याच्या मुळातसुद्धा टोकाच्या पेशींत मोठी असायची. जिथं वाढ थांबली तिथं बारीक."

"तुमच्या कांद्याच्या?"

"पुण्यात पीएच.डी. करत होते. केंद्रकीवरच."

"करत होते म्हणजे? किती राहिलंय?"

"दोन प्रकरणं. प्रयोग सगळे झालेत. फक्त लिहायचंच राहिलंय."

"अस्सं," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्याकडेही लोक येतात. सांगतात, गाठ होऊन दोन वर्षं झाली, फक्त दाखवायचंच राहिलं होतं."

भैरवीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डॉक्टरांनी तिला सोडून मिस्त्रींकडं मोर्चा वळवला. "तुम्ही केलीत ही?"

"व्हय बाईसाब. मोठी झाली. घरी न्हेऊन तासून आणतो."

"हात लावाल तर याद राखा. तिला साल नाही दिलीत, हे कुणाच्या डोक्यातून आलं? मी आजवर बघितलेल्या सगळ्या मॉडेलांत तिला साल असते. गोटीसारखी चकचकीत."

मिस्त्रींनी अंगठ्यानं मागं बायकोकडं खूण केली. चाचींनी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, "रस्स्यातनं आलं."

डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी तिथंच उभ्या उभ्या चाचींकडून सगळं समजून घेतलं, तेलाच्या थेंबासकट. उद्घाटनाची फीत पंधरा मिनिटं कापायची राहिली. सतरंजी घेऊन आलेला शिपाई ती खांद्यावर टाकून ऐकत राहिला.

शेवटी पाटी बदलायची ठरली. भैरवीनं निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि स्केचपेननं लिहिलं, 'यकृतातील पेशी. यकृताचा भाग कापल्यानंतर ते पुन्हा वाढत असताना.' मिस्त्रींनी वाकून वाचलं.

"त्यात लिवा की, रोगी न्हाय म्हणून."

भैरवीनं खाली लिहिलं, 'रोगी नाही. कामात आहे.'

नृसिंह सरांनी ती पाटी दोनदा वाचली आणि सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, "भव्य."

त्या रात्री जेवताना दत्तप्रसादांनी लेकीच्या ताटात दुसरी पोळी वाढली आणि नेहमीसारखं म्हणाले, "टिंबाबाई, अजून एक घे." भैरवी म्हणाली, "बाबा, जेवण झालं की कपाटावरची बॅग काढून द्याल? माझा हात पुरत नाही." तिचा हात पुरत होता. दत्तप्रसादांनी जेवण अर्धवट सोडून स्टूल आणलं.

पुढचं काही झटपट झालं नाही. मुदत उलटून गेली होती, फेरनोंदणीचा अर्ज करावा लागला. मार्गदर्शक बाईंनी पहिल्या फोनवर आधी तिला चांगलं फैलावर घेतलं आणि मग एक जुनं प्रकरणही नव्यानं लिहायला सांगितलं, कारण अडीच वर्षांत त्या विषयावर जगानं बरंच काही केलं होतं. दोन प्रकरणांची तीन झाली. घरी लिहायला बसलं की दत्तप्रसाद दर अर्ध्या तासाला दारातून डोकावून "कुठवर आलं?" विचारायचे. म्हणून भैरवी शनिवारी दुपारी उचगावला जायला लागली. शेडमध्ये खिडकीपाशी एक बाक होता. रंध्याचा आवाज चालू असला की तिची लेखणी सहसा अडायची नाही.

एका शनिवारी मिस्त्रींनी रंधा थांबवला. "आल्यापास्नं तेच पान हाय. काय लिवतायसा?"

प्रबंध इंग्रजीत होता. तिनं अडलेला परिच्छेद मराठीत करून वाचून दाखवला.

मिस्त्री म्हणाले, "कळलं न्हाय."

तिनं पान फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. आता त्यांनी मान तिरकी केली.

"निम्मं कळलं."

"आणि उरलेलं?"

"उरल्यालं तुमास्नी तरी कळलंय काय, त्ये आदी बगा."

आतून शहाजादीचाचींचा हसण्याचा आवाज आला. भैरवीनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, जीभ चावली आणि त्यावर आडवी रेघ मारली. मिस्त्रींनी रंधा उचलला.